अलिबागहून आलेला सल्ला

‘क्रुसेडर किंग्ज’ हा स्वीडनमध्ये बनलेला संगणकावरचा खेळ. मध्ययुगातलं एखादं घराणं निवडायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. राजा मेला म्हणून खेळ थांबत नाही; वारसाच्या अंगात शिरून पुढे चालू. गादीवर बसायला घराण्यातलं कोणी उरलं नाही, की मात्र संपला. नवखा खेळाडू पहिल्या तासात शेजाऱ्याचा मुलूख मारतो, दुसऱ्या तासात स्वतःला सम्राट समजतो. तिसऱ्या तासात म्हातारा राजा मरतो, राज्याचे तीन तुकडे होतात आणि नवखा विचारतो, “पण मी तर सगळ्या लढाया जिंकलो होतो!”

असं विचारणाऱ्याला “अलिबागहून आलास का?” म्हणायची आपली जुनी खोड आहे. या वाक्यावर बंदी घाला, अशी याचिका 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. बरंच झालं. या खेळापुरता तरी सल्ला अलिबागहूनच यायला हवा. तिथे समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे आणि मराठ्यांचं आरमार चालवणाऱ्या आंग्र्यांनी घराणं टिकवण्याचा हा पेपर आधीच सोडवून ठेवला आहे. उत्तरं चुकली, पण सोडवला पूर्ण.

सल्ला पहिला: लहान वतनापासून सुरुवात करा आणि तलवारीआधी तोंड चालवा. श्रीवर्धनच्या भटांकडे देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं, तेव्हा भटांचे बाळाजी विश्वनाथ घाट चढून गेले. 1713 साली छत्रपती शाहूंनी त्यांना पेशवा केलं आणि पहिलंच काम दिलं कान्होजी आंग्र्यांना आपल्या बाजूला वळवण्याचं. आधीचे पेशवे बहिरोपंत पिंगळे हेच काम फौज घेऊन करायला गेले आणि कान्होजींच्या कैदेत पडले. बाळाजींनी बोलणी केली. कान्होजी शाहूंकडे आले, पिंगळे सुटले. खेळात मात्र नवखा हटकून पिंगळ्यांच्या वाटेने जातो.

सल्ला दुसरा: राजा धडधाकट आहे तोवर वाटणीचा कायदा बघा. खेळात सुरुवातीला बहुतेक राज्यांत सगळ्या मुलांना वाटा मिळतो. मुलगे झाले की नवखा खूश होतो. जाणकाराच्या पोटात गोळा येतो. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना कान्होजी पुरून उरले. 1729 साली ते गेले. मागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी असे सहा मुलगे. सेखोजीने चार वर्षं घर सांभाळलं. 1733 मध्ये तो गेला आणि संभाजी-मानाजी एकमेकांवर उठले. दर्यावर ज्यांना कोणी हरवलं नाही, ते ओसरीवर हरले.

सल्ला तिसरा: भावाच्या भांडणात शेजाऱ्याला पंच करू नका. आंग्र्यांच्या भांडणात पेशवे बाजीराव पंच झाले. 1735 च्या सुमारास वाटणी ठरली: मानाजीला कुलाबा आणि ‘वजारतमाआब’ किताब, संभाजीला दक्षिणेचे किल्ले आणि आरमाराची ‘सरखेली’. दोघांनाही मान मिळाला, आरमाराचे मात्र दोन तुकडे झाले. संभाजीनंतर तुळाजी आला, तो पेशव्यांना जुमानेना. मग पेशवे इंग्रजांना घेऊन आले. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात वॉटसन आणि क्लाइव्ह घुसले, आंग्र्यांचं आरमार जळालं आणि तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला. मराठ्यांचं सगळ्यात जबर आरमार मराठ्यांच्याच आमंत्रणावरून जाळलं गेलं. खेळात असं झालं की पोरं मागचा सेव्ह उघडतात.

सल्ला चौथा: जमलं तर वारस निवडून घ्या. यासाठी मुरुडला जा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात उतरलं की गाइड थेट कलालबांगडी तोफेपाशी नेतो. तोफेवर हात ठेवून फोटो काढतात आणि किल्ला अजिंक्य का राहिला ते कळल्याच्या समाधानात लोक परत फिरतात. पण तोफा कुलाब्यातही होत्या. जंजिऱ्यावर जुन्या काळी बापामागे मुलगाच बसेल असा नेम नव्हता. सिद्दी सरदारांमधला जो वकुबाचा, तो पुढे यायचा. जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला निघाला, तेव्हा त्याच्याच हाताखालच्या सिद्दींनी त्याला कैद केलं आणि संबळ नावाच्या सिद्दीला प्रमुख केलं. धन्यापेक्षा गादी मोठी, हा त्यांचा हिशेब. पुढे तेही मुलांच्या नादी लागले. 1733 मध्ये सिद्दी रसूल मेला, मुलांत जुंपली आणि बाजीराव लगेच दारात हजर. तरीही संस्थान 1948 पर्यंत टिकलं.

सल्ला पाचवा: एकाच पाळण्यावर राज्य टांगू नका. कुलाब्याचे दुसरे रघुजी आंग्रे 1838 च्या अखेरीस वारले. त्यांच्या पश्चात मुलगा जन्मला, नाव ठेवलं कान्होजी. ते बाळही 1839 मध्ये गेलं. दत्तकाला इंग्रजांनी नकार दिला आणि 1840 साली संस्थान खालसा झालं. गव्हर्नर-जनरल डलहौसी यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. दत्तक नाकारून राज्य गिळायचा हात इंग्रजांनी अलिबागेत आधीच साफ करून घेतला.

आता कोणी म्हणेल, हा सगळा इतिहास झाला. मग चला तलाठ्याकडे. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही वाडीचा सातबारा काढा. आजोबांचं एक नाव होतं, तिथे आता सतरा नावं आहेत. निम्मे मुंबईला, दोघे दुबईला, एका काकांची वारसनोंद अजून व्हायची आहे आणि दोन चुलते बांधावरच्या फणसावरून वीस वर्षं बोलत नाहीत. सुपारी कोणी शिंपायची यावर एकमत नाही, विकायची वेळ आली की मात्र होतं. विजयदुर्ग घ्यायला इंग्रजांना आरमार आणावं लागलं होतं. वाडी घ्यायला एक एजंट पुरतो, आणि तोसुद्धा बहुधा भावकीतलाच असतो.