दुसऱ्याच्या दारात

मे महिना लागला की मुंबईकराच्या घरी दोन गोष्टी येतात. एक हापूसची पेटी आणि दुसरा गावाकडचा मित्र. पेटी किती दिवसांत संपेल हे सांगता येतं. मित्राचं सांगता येत नाही.

यंदा आमच्याकडे अकोल्याचा शाळूसोबती आठवडाभराच्या बोलीवर आला आणि पायातले जोडे काढता काढता म्हणाला, "मले मुंबई दाखव." मागणी वरवर साधी आहे. मुंबईकराला मुंबईची माहितीही अफाट असते. दादरला जिन्यासमोर कितवा डबा थांबतो, कुर्ल्याला कोणत्या बाजूने उतरायचं, विरार गाडीत चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. अडचण एवढीच की यातलं काहीच पाहुण्याला हौसेने दाखवण्यासारखं नसतं.

अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्यामुळे चौतीस अंशांच्या मुंबईत स्वारी थंड हवेच्या ठिकाणी आल्याच्या थाटात उतरली होती. फलाट संपायच्या आत शर्ट पाठीला चिकटला. "आमच्याकडे घाम येते अन् वायते. इथं वायतच नाई बे," असा निष्कर्ष त्याने काढला. हवामान खात्याला आर्द्रता इतक्या थोडक्यात कधी सांगता आलेली नाही. अकोल्यात माणूस भाजतो, मुंबईत उकडतो, यावर उभयपक्षी एकमत झालं आणि आम्ही कार्यक्रम आखला.

रविवार. मुंबईत आधी काय बघावं याबद्दल आता शहरात वाद उरलेला नाही. लोकांची घरं बघावीत. जुहूला 'जलसा'च्या फाटकाशी अमिताभ बच्चन रविवारी संध्याकाळी दर्शन देतात, ही प्रथा कित्येक वर्षांची. वांद्र्याला बँडस्टँडवर 'मन्नत'च्या पाटीसमोर फोटो काढायला जी दाटी होते, ती बघून कुणालाही वाटावं की आत प्रसाद आहे. २०२५ साली डागडुजीसाठी शाहरुख खान मन्नत सोडून काही काळ पाली हिलला राहायला गेला, तरी पाटीसमोरची गर्दी हलली नाही. देव नसला तरी देवळाला हात जोडावेत, हे संस्कार आपल्याकडे जुने आहेत.

"आतून पाह्यता येते का?" मित्राने विचारलं.

"नाही."

"मंग हे सारे काय पाहून राह्यले?"

"भिंत."

त्याने भिंत नीट पाहून घेतली. अल्टामाउंट रोडवर 'अँटिलिया'समोर मात्र तो गप्प झाला. सत्तावीस मजले आणि राहायला एक कुटुंब, हे समजल्यावर त्याने फक्त "झाडू कोन मारते?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, "आमच्या गावात कोनाच्या दारात इतका वेळ उभं राह्यलं, तर घरवाला एक तर पानी विचारते, नाई तर कुत्रं सोडते. इथं दोन्ही नाई." शहर मोठं झालं की माणसं अशी तटस्थ होतात.

सोमवार. आमचा बेत घारापुरीचा होता. लेणी सोमवारी बंद. मग कान्हेरी? तीही सोमवारी बंद. तेव्हा जे कधीच बंद होत नाही, कारण त्याला आत असं काही नाहीच, ते बघायला गेलो. गेटवे ऑफ इंडिया.

या कमानीचा इतिहास आजच्या प्रत्येक कंत्राटदाराने देव्हाऱ्यात ठेवावा असा आहे. पाचवा जॉर्ज मुंबईत उतरला १९११च्या डिसेंबरात. त्याच्या स्वागताची कमान खुली झाली १९२४च्या डिसेंबरात. राजाराणीला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवून वेळ मारून नेली होती म्हणतात. काम सुरू व्हायच्या आधी पुलाचं चलच्चित्र दाखवून टाळ्या घ्यायची आपली परंपरा इतकी जुनी आहे. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. यायला ज्या दाराला तेरा वर्षं उशीर झाला, ते जायला अगदी वेळेवर तयार होतं. "आमच्या इकडचे ठेकेदार यायच्याच घरान्यातले दिसतात," मित्राने वंशावळ लावली.

तिथून चालत काळा घोडा. चौकाला नाव पडलं ते सातव्या एडवर्डच्या पुतळ्यातल्या घोड्यावरून. १९६५ साली राजाला घोड्यासकट हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवलं. पुतळा गेला, नाव राहिलं. २०१७ साली चौकात नवा काळा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. घोडा आहे, लगाम धरायला कोणी नाही, आणि सगळे त्याच्याभोवती गाड्या लावायला जागा शोधत आहेत. मुंबईच्या कारभाराचं यापेक्षा नेमकं स्मारक कोणत्याही समितीला सुचलं नसतं.

पुढे टाऊन हॉल. इमारत १८३३ची, आणि तिच्यात राहणारी एशियाटिक सोसायटी त्याहून जुनी, १८०४ची. आत ग्रंथालय आहे, डांटेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची शतकांपूर्वीची हस्तलिखित प्रत आहे. बाहेर पायऱ्या आहेत. पायऱ्या सिनेमात वारंवार दिसतात, त्यामुळे जनता पायऱ्यांवर बसते, लग्न ठरलेली जोडपी पायऱ्यांवर फोटो काढतात. पायऱ्या चढून वर पोचायचं असतं, ही कल्पना मागे पडलेली आहे.

मंगळवारी घारापुरीला गेलो. लेण्यांच्या तिकिटापेक्षा लाँचचं भाडं कितीतरी जास्त, म्हणजे शंकराचं दर्शन स्वस्त आणि खलाशाचं महाग. पण सुमारे वीस फुटी सदाशिवासमोर उभा राहिल्यावर आमचा मित्र आठवड्यात पहिल्यांदा 'पाहून' राहिला होता. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. गावात वीज पोचली २०१८ साली. मधली एकतीस वर्षं जगाचा वारसा संध्याकाळी जनरेटरवर चालत होता आणि समोर मुंबई रात्रभर झगमगत होती.

पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते इथल्या दगडी हत्तीवरून. "हत्ती कुठं हाय?" मित्राने साहजिकच विचारलं. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, तुकडे जोडून राणीच्या बागेत उभा केला, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "राजा तिथंच, हत्ती तिथंच. उद्या तिथंच चाल."

उद्या बुधवार. राणीची बाग बुधवारी बंद.

म्हणून भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड, सत्तावीस स्थानकं, साडेतेहतीस किलोमीटर, गारेगार. ऑक्टोबर २०२५पासून ही मार्गिका पूर्ण धावते आहे आणि तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. शहर बघायला आलेल्या माणसाला संपूर्ण शहराच्या खालून, काहीही न दाखवता, घाम न येऊ देता पार नेणारी दुसरी सोय मुंबईत नाही. आचार्य अत्रे चौक स्थानक २०२५च्या मे महिन्यात सुरू झालं आणि त्याच महिन्यात पहिल्या मोठ्या पावसात त्यात पाणी शिरलं. अत्रे असते तर असा पाऊस गेल्या दहा हजार वर्षांत झाला नसल्याचं त्यांनी प्रशासनाच्या वतीने जाहीर केलं असतं आणि दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात प्रशासनाला त्याच पाण्यात बुडवलं असतं.

गुरुवारी एकदाची राणीची बाग उघडली. सातवा एडवर्ड घोड्यावर बसलेला सापडला. बाग मूळची व्हिक्टोरिया राणीच्या नावाची आणि एडवर्ड तिचा मुलगा. चौकातून हाकललेला पोरगा शेवटी आईच्याच अंगणात आला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हत्तीही भेटला. मुंबईला ज्याचं काय करायचं ते कळत नाही, त्याची रवानगी ती राणीच्या बागेत करते. पेंग्विन त्याच न्यायाने आले. २०१७पासून मुंबईकर पन्नास रुपये मोजून काचेपलीकडचे पेंग्विन बघतात. त्यांच्या घरात सोळा-अठरा अंश तापमान राखतात. मे महिन्यातल्या मुंबईत स्वतःच्या मालकीचं घर, समोर पाणी, चोवीस तास गारवा आणि देखभालखर्च महापालिकेकडे, असा रहिवासी हाच. "यायले मत हाय का?" मित्राने विचारलं. मत नसताना एवढं मिळतं, हेच त्याला कळेना.

भायखळ्यापासून लालबाग-परळ जवळ. इथे आमचा मित्र पाहुणा राहिला नाही, कारण त्याच्या घरी तीन पिढ्या कापूस पिकतो. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला यायचा, गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं. पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे कागदोपत्री बघू गेल्यास कामगार अजून संपावरच आहेत आणि त्यांची वाट बघता बघता गिरण्यांचे मॉल झाले. एका मॉलमध्ये जुनी चिमणी शोभेला ठेवलेली आहे. धूर येत नाही, भोंगा होत नाही, खालच्या दुकानात शुद्ध सुती शर्ट मिळतो. मित्राने शर्टाची किंमत वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. "याच्यात कापूस किती लागते, मले ठाऊक हाय," तो म्हणाला, "बाकीचे पैसे त्या चिमनीचे असतीन."

शुक्रवारी लोकल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते. आता संध्याकाळी तेवढी मंडळी एका डब्यात असतात आणि त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे, तिचं नाव प्रगती. खालून रोज लाखो माणसं जातात. ५.४२ची कल्याण चुकेल म्हणून प्रगतीकडे मान वर करून बघायला कोणाला सवड नसते. मित्र थांबून वर बघायला लागला, तर मागून धक्का आणि शेलकी शिवी, दोन्ही एकदमच आली.

शनिवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी. डोंगरात शंभराहून जास्त लेणी आणि लेण्यालेण्याला पाण्याची पोढी. उतारावर पडलेला पाऊस कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत साठवायची ही व्यवस्था जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. उद्यानाबाहेरच्या मुंबईत याच महिन्यात तलावांतला साठा टक्केवारीत छापून येतो आणि सोसायटीच्या गेटात टँकर उभा असतो. मित्र टाक्यात वाकून म्हणाला, "यायनं टँकर नाई बोलावला."

कान्हेरीच्या भिंतींवर शिलालेख आहेत. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा कोणी, नाशिकचा कोणी, अशा माणसांनी लेणं दिलं, टाकं दिलं, त्यांची ती नावं. रविवारी वांद्र्यात आम्ही जी नावाची पाटी पाहिली ती घर कोणाचं आहे ते सांगते. इथली नावं घर कोणाला दिलं ते सांगतात. पहिल्या पाटीसमोर उभं राहायला रांग असते. दुसरी वाचायला त्या दिवशी आम्ही दोघे आणि एक माकड होतो, आणि माकडाचं लक्ष आमच्या पिशवीत होतं.

मुंबईकराला आपल्या शहराचा अभिमान आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण जे कधीच आपलं होणार नाही त्याच्या फाटकाबाहेर तासभर उन्हात उभं राहायचं, आणि जे आपल्याच पैशांवर, आपल्याच नावावर चाललेलं आहे त्याचा वारही ठाऊक नसावा, हा अभिमान जरा अजब आहे. उरलेल्या सुट्टीत कोणी पाहुणा येणार असेल, तर एवढं टिपून ठेवा. घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद असतात. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतात. बंगले सातही दिवस बंद असतात.