जुनी जेट स्की घेताना: गडावरच्यांसाठी प्राथमिक धडे

पन्हाळ्यावर राहणाऱ्या माणसाला जेट स्की कशाला हवी, हा प्रश्न या मार्गदर्शिकेत घेतलेला नाही. तो घरातल्यांनी विचारायचा असतो आणि ते विचारतातच. आपण थेट खरेदीकडे वळू.

खरेदीआधी पाण्याची मोजदाद करावी. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास राहत असलो, तरी गडावर पाणी नाही असं कुणी म्हणू नये. आमच्याकडे गंगा, यमुना, सरस्वती तिन्ही आहेत. फक्त त्या अंबरखान्यातल्या धान्याच्या कोठ्या आहेत. एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे म्हणतात, पण जेट स्की भातावर चालत नाही. सोमाळे तळं आहे, सादोबाचं तळं आहे. 1660 साली सिद्दी जौहर गडाला चार महिने वेढा घालून बसला, तेव्हा तग धरता आला तो अशाच पाण्यावर. अंधारबावेत तर विहीर तीन मजली इमारतीच्या पोटात दडवलेली आहे. जिथं पाणी दडवून ठेवायची वहिवाट, तिथं त्याच्यावर फवारे उडवत घिरट्या घालणं शोभणार नाही. शिवाय किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातला, आणि 2025 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतला. तरीही तळं बघून हात शिवशिवायला लागले, तर ऊन उतरेपर्यंत सज्जाकोठीच्या सावलीत बसावं.

मग खाली बघावं. खाली कासारी आहे. पण कासारीवर थोडंसं अंतर गेलं की बंधारा आडवा येतो. आडवा येणाऱ्या या बंधाऱ्याला देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला, पावसाळ्यात पाणी उसात. प्रयाग चिखलीला पंचगंगा होऊन पुढं गेलं की केंदाळ. जेट स्कीच्या पोटात केंदाळ गेलं की ती बसते, आणि मग ती दोरीनं ओढत काठाला आणणाऱ्या माणसाचा फोटो गावभर फिरतो. राधानगरीचा लक्ष्मी तलाव मोठा देखणा. शाहू महाराजांनी शंभर वर्षांहून आधी ते काम हाती घेतलं. पण भोवती गव्यांचं अभयारण्य आहे, आणि गव्याशी वाद घालण्याइतका वेग कुठल्याच जुन्या यंत्राला नसतो.

थोडक्यात समुद्र. आंबा घाट उतरा नाहीतर गगनबावडा उतरा, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मे संपता संपता किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद होतात ते ऑगस्ट सरेपर्यंत. म्हणजे यंत्र वर्षातले निदान तीन महिने गोठ्यात उभं. हे शेवटचं वाक्य घरात मोठ्यानं वाचू नये.

आता यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ. अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन नावाच्या मोटोक्रॉसवाल्याला मातीवर आपटून घ्यायचा कंटाळा आला आणि पाण्यावर पडणं बरं असं त्याच्या मनानं घेतलं. 1973 च्या सुमारास कावासाकीनं ‘जेट स्की’ नावानं यंत्र बाजारात आणलं, आणि पुढं वनस्पती तुपाला जसं डालडा म्हणतात तसं सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना ते नाव चिकटलं. याला बाहेर पंखा नसतो. खालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, आतल्या पात्यांनी ते मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, आणि ते तोंड डावी-उजवीकडे फिरवलं की यंत्र वळतं. यातच सगळी मेख आहे. पाणी फेकलं जात असेल तोवरच वळण. समोर खडक दिसला म्हणून घाबरून तुम्ही ॲक्सिलरेटर सोडलात, की हँडल नुसतं शोभेचं उरतं आणि यंत्र सरळ खडकाकडं निघतं. स्कूटरवर शिकलेलं सगळं शहाणपण इथं उलटं करायचं. बऱ्याच जुन्या यंत्रांना ब्रेकही नसतो.

माणसं तीन. तीन म्हणजे तीन. मोटारसायकलवरून पाचजण जोतिबाला जाऊन आलेल्या घराण्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. यंत्राच्या जातीप्रमाणे एकूण भार दोनशे ते पावणेतीनशे किलो. आम्ही घरात नऊजण. आईनं मनातल्या मनात बेरीज केली आणि इचलकरंजीच्या दाजींकडे बघितलं. कल्पना त्यांचीच होती.

दाजींनी मोबाईलवर जाहिरात शोधली होती. ही यंत्रं बाहेरून येतात, नवं घ्यायचं तर बऱ्या मोटारीचे पैसे पडतात. हे जुनं होतं, मालवणच्या बाजूचं, फोटोत मागं नारळाची झाडं, आणि खाली ‘अगदी कमी वापर’. आता नवशिक्यांसाठी सर्वांत मोलाचा सल्ला. यंत्र बघायला जाताना मेकॅनिक मिळाला तर न्यावाच, पण म्हशीच्या बाजारात उभं आयुष्य गेलेला एक माणूस बरोबर असलाच पाहिजे. आमच्याकडे आण्णा होते. वडगावच्या बाजारात त्यांनी किती जनावरं पारखली याचा हिशेब त्यांच्याकडेच आहे. बाजारात गेल्यावर पहिल्यांदा किंमत विचारणारा माणूस, त्यांच्या मते, म्हैस घ्यायच्या लायकीचा नाही.

आण्णांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, मालकाकडे बघितलंच नाही, आणि विचारलं,

“कितव्या येताची हाय?”

मालकाला कळलं नाही. मला कळलं. म्हैस कितव्या वेताची यावर जशी किंमत ठरते, तशी जेट स्की किती तास चालली यावर. किलोमीटर नाही, तास. त्याचं मीटर असतं. हौसेखातर चालवणारा वर्षाला तीस-चाळीस तास चालवतो, भाड्यानं देणारा तेवढे पंधरवड्यात संपवतो. आमच्या यंत्राचं मीटर बंद होतं. “एकाच मालकाची असा, काय्येक प्रॉब्लेम नाय,” मालक म्हणाला. आण्णांनी मान डोलावली. दात झिजलेल्या जनावराचा मालकही हेच म्हणतो.

त्यानंतर काय काय बघावं? मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन कसंही लागतं. दुभती म्हैस सकाळपासून तुंबवून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. चार स्ट्रोकचं यंत्र असेल तर तेलाची पट्टी ओढून बघावी. तेल दुधाच्या चहाच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी शिरलंय, चहा पिऊन परत फिरावं. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा कमी-जास्त असेना, सगळ्यांचा जवळपास सारखा हवा. चारांपैकी एक सड आटलेला असला तर बाकीचे तीन बघून भुलायचं नसतं. खाली वाकून पोट बघावं, बोटाच्या पेरानं ठोकत जावं. मध्येच आवाज बदलला तर तिथं भोक बुजवून रंग मारलाय. जाळीतून मोबाईलचा उजेड टाकून आतली पाती बघावीत. वाळू आणि खडे गिळलेल्या पात्यांच्या कडा जुन्या खुरप्यासारख्या दिसतात. बैठक उचलून आत मिठाचा पांढरा थर, हिरवी पडलेली तांब्याची टोकं शोधावीत. खाऱ्या पाण्यातून आल्यावर यंत्र दरवेळी गोड्या पाण्यानं आतून धुवावं लागतं. आधी इंजिन चालू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम चुकला तर पाणी इंजिनात. जमिनीवर तर काही सेकंदांपलीकडे चालवूच नये, कारण त्याचा थंडावा पाण्यातून येतो. दाजींनी ही सगळी माहिती वाचून ठेवली होती आणि ते ती मालकालाच सांगत होते.

शेवटी चालू करून बघायची वेळ आली. जेट स्की चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक दोरी बांधतात, तिचं दुसरं टोक यंत्रात खोचलेलं. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर यंत्र एकटंच मालदीवला जायचं. दोरी नाही तर यंत्र चालूच होत नाही. आणि दोरी नव्हती.

“ता हरावला,” मालक म्हणाला. “तुमी व्यवहार करा, मी कुरिअर करतंय.”

दाजी चिडले. आण्णा मात्र पहिल्यांदाच मालकावर खूश झालेले दिसले. “बरोबर हाय त्याचं,” ते म्हणाले. “आपण तरी म्हस इकली म्हणून दावं देतोय व्हय?”

अशा वेळी व्यवहार मोडायचा कसा, हेही नवशिक्यांना यायला हवं. भांडू नये, खोट काढू नये, भाव पाडून मागू नये, नाहीतर तो त्या भावाला ‘हो’ म्हणेल. “घरात इचारून सांगतो” म्हणावं आणि निघावं. घरातले नऊच्या नऊजण तिथंच उभे असले तरी चालतं.

आलोच होतो म्हणून सगळे किनाऱ्यावर गेलो. तिथं भाड्याच्या जेट स्कीवर पुढं चालवणारा मुलगा बसतो, मागं आपण. दाजी पहिले, कारण त्यांनाच सगळं माहीत होतं. परत आले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग पोरं, मग आम्ही. आई बसणार नाही असं धरून चाललो होतो. ती पदर खोचत पुढं झाली. त्या मुलानं पदर लाइफ जॅकेटच्या आत पक्का कोंबायला लावला, कारण लोंबतं कापड जाळीत ओढलं जातं. दोन फेऱ्या मारून आली, केसांतून पाणी निथळतंय, चष्मा वाकडा. “आणि एकदा जातो मी,” म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता परत बसली.

येताना घाटात दाजींनी हिशेब काढला. टाकी साठ-सत्तर लिटरची, दामटलं तर दीड-दोन तासांत रिकामी. ओढून न्यायला ट्रेलर, ट्रेलर ओढायला दमदार गाडी, सगळं घाटानं खाली आणि घाटानं वर. परवाने, विमा, नऊजणांना नऊ जॅकेट. वर्षातून दोनदा जायचं धरलं तर एकेका फेरीला पडणारा खर्च त्यांनी मोठ्यानं वाचला. पुढं गाडीत कुणीतरी गाणी लावली.

पण पोरांना पाण्यात बसायचं आहे हे काही मिटत नव्हतं. आमच्या पिढीला पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं. महापुरात तर गुऱ्हाळाची काहील नाव म्हणून सोडतात आणि तिच्यातून माणसं, शेरडं, कोंबड्या पैलतीराला जातात. तेव्हा पुढच्या रविवारी आण्णा दोन्ही नातवांना घेऊन गडाखालच्या पंक्चरच्या दुकानात गेले. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब, मळ्यातल्या विहिरीसाठी, दोन पोरं आणि एक मोठा माणूस आरामात. आण्णांनी तिच्याभोवती फेरी मारली. रबर चिमटीत धरून ताणलं. वास घेतला. मग दुकानदाराकडे न बघता विचारलं,

“कितव्या येताची?”

दुकानदार वडगावच्या बाजूचाच निघाला. त्यानं ट्यूबवरची ठिगळं बोटानं मोजली.

“तिसऱ्या. पण गुणाची हाय, लाथ मारत न्हाई.”