सिरपकाका

सिरपकाका हे दर हाउसिंग सोसायटीमागे किमान एक या प्रमाणात आढळणारे, स्वयंनियुक्त आणि विनावेतन वैद्यकीय अधिकारी होत. ते साधारणपणे साठी ओलांडलेले, बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. औषधशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांचा एक मावसभाऊ पूर्वी औषध कंपनीचा एमआर होता. माकडटोपी हा त्यांचा गणवेश. त्यांचा वावर सोसायटीच्या बाकावर, जिन्यात आणि मेडिकलच्या काउंटरपाशी असतो. तेथे ते गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहून दुकानदाराचे काम करतात. त्यांचे हंगाम दोन. पहिला पावसाच्या पहिल्या सरीने सुरू होतो, दुसरा दिवाळीच्या फटाक्यांच्या धुराने. आणि हा दुसरा संक्रांतीपर्यंत सहज पुरतो.

त्यांचे निदान कानाने होते. त्यासाठी स्टेथोस्कोप लागत नाही, रुग्णही समोर लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर कोणी खोकले की तळमजल्यावरून निकाल येतो, “छातीत भरलंय.” मिरचीच्या फोडणीचा ठसका, दम्याची शिट्टी, चोरून सिगारेट ओढणाऱ्याची उबळ, या सर्वांना हाच निकाल लागू असतो. वैद्यकात मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो: कफ सुटतो आहे, की खोकला कोरडा आहे? दाट कफ पातळ करून बाहेर काढणारी औषधे वेगळी आणि कोरडी उबळ दाबणारी वेगळी. पहिल्या गटातले गुआयफेनेसिन श्वासनलिकेतला स्राव वाढवून कफ पातळ करते. ब्रोम्हेक्झिन आणि अँब्रोक्सॉल कफाचा चिकटपणा मोडतात. दुसऱ्या गटातली डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन ही औषधे थेट मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला गप्प बसवतात.

सिरपकाकांच्या औषधकोशात यातले एकही नाव नाही. तेथे लाल बाटली, हिरवी बाटली आणि ‘ती आपली नेहमीची’ असे तीनच वर्ग आहेत. लाल उष्ण, हिरवी थंड आणि नेहमीची कशावरही चालते. कंपनीने खोक्याचा रंग बदलला की या शास्त्राची एक अख्खी शाखा बंद पडते. शिवाय जवळजवळ एकाच नावाच्या दोन बाटल्यांत औषधे वेगळी असू शकतात. नावापुढे ‘डी’, ‘एलएस’ किंवा ‘प्लस’ लागले की आतला मामला बदलतो. काकांच्या सल्ल्याने चालणारा गृहस्थ त्यामुळे सकाळी कफ सोडवणारे औषध घेतो आणि रात्री खोकला दाबणारे. सुटलेला कफ बाहेर काढण्याचे काम खोकल्याचे. त्यालाच झोपवले तर कफ जागच्या जागी राहतो. दुसऱ्या दिवशी काका म्हणतात, “बघा, किती भरलं होतं!”

मात्रेच्या बाबतीत काका दशमान पद्धत मानत नाहीत. बाटलीच्या झाकणावर बसवलेले मापाचे टोपण त्यांच्या घरी देवापुढच्या निरांजनात तेल घालायला गेलेले असते. औषध मोजायला हाताला लागेल तो चमचा. औषधाचा चमचा म्हणजे 5 मिलिलीटर. पोह्यांच्या, साखरेच्या आणि आमटीच्या चमच्यांनी असा कोणताही करार केलेला नाही. “एक घोट घे” ही मात्रा तर कोणत्याच मापात बसत नाही. निव्वळ गुआयफेनेसिनसाठी प्रौढांची रूढ मात्रा दर चार तासांनी 200 ते 400 मिलिग्रॅम आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त 2400 मिलिग्रॅम आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक सिरपांत ते एकटे नसते. सोबत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असले, तर घोट वाढताच हात थरथरतात आणि छातीत धडधडते. काका त्यावर म्हणतात, “औषध लागू पडतंय.” मिश्र औषधात निव्वळ घटकाचा हिशेब चालत नाही, त्या बाटलीवर लिहिलेली मात्राच पाळायची असते. वर पाणी मात्र भरपूर प्यावे, असे काका सांगतात, आणि येथे ते बरोबर असतात. दाट कफाच्या कामी गरम पाणी, सूप, पेज यांचा आधार मोठा. कफोत्सारकांच्या परिणामाचा पुरावा त्या मानाने बेताचाच आहे.

काका रुग्णाला वय, आजार आणि चालू गोळ्या कधीच विचारत नाहीत, कारण ओळख जुनी असते. प्रत्यक्षात धोका तेथेच दडलेला असतो. मधुमेह्याला दिलेल्या सिरपात साखर असू शकते. सर्दीसाठी घातलेल्या क्लोरफेनिरामिनने झोप येते, म्हणून ते घेऊन स्कूटर चालवू नये. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी त्याने अडू शकते, आणि काकांचे निम्मे रुग्ण याच वयोगटातले असतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत डेक्स्ट्रोमेथॉर्फन घातक ठरते. सर्वांत गमतीची अवस्था रक्तदाबाच्या रुग्णाची. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. अशा माणसाने काकांच्या तिन्ही रंगांच्या बाटल्या संपवल्या तरी खोकला हलत नाही; डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की साधारण काही आठवड्यांत थांबतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नसते.

सिरपकाकांची एक आयुर्वेदी पोटजातही आहे. ती बाटलीऐवजी पातेले वापरते आणि “झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो” हे तिचे ब्रीदवाक्य. या पोटजातीचा अडुळशावर फार जीव, आणि तो अगदीच अनाठायी नाही: ज्या ब्रोम्हेक्झिनला ती ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडते, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच घडवलेले आहे. ज्येष्ठमधाचे मात्र तसे नाही. तो काढ्यातून दिवसेंदिवस भरपूर पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. झाडाला हे कोणी सांगितलेले नसते, आणि काकांनाही.

लहान मुलांच्या बाबतीत काकांचे सूत्र गणिती आहे: मोठ्याला चमचा, पोराला अर्धा, तान्ह्याला बोट. येथे विनोद संपतो. मूल म्हणजे अर्धा माणूस नव्हे. त्याचे यकृत, मूत्रपिंडे आणि श्वासनलिका वेगळ्या असतात. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना ती सर्वसाधारणपणे सुचवू नयेत, असे बजावले. त्याआधी 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश निघाला होता. 2025 च्या सूचनेमागे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची घटना होती. तेथे डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक मिसळलेल्या सिरपाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर शेवटचे उपचार नागपुरात झाले. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. असली भेसळ लेबल वाचून कळत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेही टळत नाही. म्हणून गरज नसलेले सिरप मुलाच्या पोटात न जाणे हीच पहिली खबरदारी. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही चाटवायचा नसतो, कारण त्यातून बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो.

काकांचा औषधसाठा फ्रिजच्या दारात, सॉस आणि लोणच्याच्या मध्ये असतो. तेथे गेल्या गणपतीत फोडलेली बाटली या गणपतीत पुन्हा कामाला येते. अर्धे राहिलेले अँटिबायोटिकही तेथेच ठेवलेले असते. कफ पिवळा झाला, की ते बाहेर निघते. कफाच्या रंगावरून जंतूंचा प्रकार ठरत नाही आणि विषाणूच्या सर्दीखोकल्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. बाटलीवरची मुदत उलटलेली दिसली तर काका सांगतात, “ती तारीख कंपनी धंद्यासाठी टाकते.”

एवढे असूनही काकांचे बहुतेक रुग्ण बरे होतात. याचे कारण बाटलीत नसते. सर्दीनंतरचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि काकांचे औषध नेमके तेवढेच दिवस चालते. मावळत्या खोकल्याचे श्रेय शेवटच्या बाटलीला जाते आणि कीर्ती पुढच्या विंगेत पोहोचते. उरलेल्या थोड्यांचेच अवघड असते. खोकला दोन आठवड्यांहून लांबला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासावी लागते. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. कफात रक्त, धाप, छातीत दुखणे, न उतरणारा ताप, घटते वजन किंवा मुलाचा भरभर चालणारा श्वास यांतले काही दिसले, तर दोन आठवडेही थांबायचे नसते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पहिला चमचाही डॉक्टरांना विचारून घ्यावा.

सिरपकाकांची एक उपयुक्तता नाकारता येत नाही. खोकणाऱ्याच्या दाराशी सर्वांत आधी तेच येतात, बसतात, आल्याचा चहा करायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करतात. एवढा वेळ कोणत्याच डॉक्टरकडे नसतो. त्यांच्याकडून विचारपूस जरूर घ्यावी. औषध घ्यायचे ते फार्मासिस्टला आपल्या चालू गोळ्या सांगून, लेबलवरची घटकद्रव्ये वाचून आणि टोपणाने मोजून.