कमी वाऱ्याचा खलाशी

समुद्र पाहून आलेली माणसं आमच्या वडनेर भोलजीत पुष्कळ. समुद्राच्या पाण्यावर उभा राहून आलेला एकच. गाव त्याला खलाशीभाऊ म्हणतं आणि तोही ओ देतो.

हायवेलगत त्याचं कृषी केंद्र आहे. तीन वर्षांपूर्वी औषधांचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीने डीलर लोकांना मार्चमध्ये गोव्याला नेलं. बाकीच्यांनी गोव्यात डीलर करतात ते केलं. याने खिशातले पैसे भरून विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावरून जाण्याचा, तास घेतला, तोही सकाळचा. त्या दिवसांत समुद्रावरचा वारा सुटतो दुपारी, जमीन तापल्यावर. आणि दुपारी तर परतीची बस. म्हणजे याच्या वाट्याला आल्या लाटा, आणि वारा म्हणाल तर उदबत्तीचा धूर वाकडा होईल इतपत. दीड तासात तो फळीवर उभा राहिला असेल चारेक मिनिटं. त्या चार मिनिटांवर तीन वर्षं चालली आहेत, अजून साठा शिल्लक आहे.

जोराच्या वाऱ्याबद्दल तो बोलत नाही. "त्यात काय, कोनीबी पयते," म्हणतो. फळी पाण्यावर तरंगायचं सोडून घसरायला लागते तो वारा ताशी बावीस किलोमीटरच्या पुढचा; तो असला की शीड धरायचं आणि जायचं. खरी अक्कल लागते वारा नसताना, हे त्याचं मत. मला ते पटतं, पण त्याच्यासमोर मी कबूल करत नाही. केलं तर तास वाढतो.

फळीचं आकारमान लिटरवर मोजतात, हे त्याला फार भावलंय. आयुष्यभर लिटरवरच माल विकलेला माणूस. "माहं वजन शहाऐंशी किलो. शहाऐंशी लिटरची फळी देली तं मी शिडासकट गुडघाभर पान्यात. वारा कमी अशीन तं लिटर वाढवा लागते." समोर फवारणीचं औषध घ्यायला आलेला शेतकरी मान डोलावतो. त्याला वाटतं, हे पंपात किती पाणी घालायचं ते चाललंय.

प्रात्यक्षिक दुकानापुढच्या बाकड्यावर होतं. बांबूला युरियाचं रिकामं पोतं बांधलेलं, हे शीड. बूट काढून भाऊ बाकड्यावर चढतो, गुडघे वाकवतो, एक पाय बांबूच्या पुढे, एक मागे. पोतं मलूल लोंबत असतं. मग तो ते स्वतःकडे हिसके देऊन ओढायला लागतो. वारा येत नसेल तर शिडानेच हवा ढकलायची, म्हणजे लाट येते त्या क्षणी फळीला तिच्याएवढा वेग असतो. लाटेने एकदा उचललं की निम्मं काम तिचं. आपण पळायला लागलो की आपला वारा आपणच तयार करतो. "फटफटीवर बसलं का मे महिन्यातबी तोंडावर वारा लागते का नाई?" लागतो. "पन लाट आन् वारा एकाच अंगाले असले आन् तू नाकासमोर सुटला, तं शीड ढिलं पडते. आडवं वळा लागते." हे सांगताना तो बाकड्यावर आडवा वळतो.

आता हायवेचं. सुरतहून कोलकात्याला जाणारा जुना सहा नंबर, आताचा त्रेपन्न. त्यावरून चौदा चाकी ट्रक गेला की दुकानापुढे एक झोत येतो, आणि दोन ट्रकांच्या मधे पान हलत नाही. भाऊच्या लेखी ट्रक म्हणजे लाट. तो मान वळवून मलकापूरकडे बघत राहतो, कंटेनर दिसला की हिसके वाढवतो, कंटेनर येतो, पोतं टम्म फुगतं आणि भाऊ बियाण्याच्या पोत्यांवर जाऊन पडतो. दर वेळी. उठून कपडे झटकत म्हणतो, "हे जोराच्या वाऱ्याचं झालं. तो आपला विषय नाई."

हीच विद्या त्याने गेल्या फाल्गुनात आईला शिकवायला घेतली. थ्रेशरमधून निघालेल्या हरभऱ्यात कुटार राहिलं होतं, वीज गेल्याने फर्राटा पंखा बंद, आणि म्हातारी खळ्यात सूप घेऊन उभी. हा म्हणाला, सूप नुसतं धरू नको, वारा नसला की हलवावं लागतं. म्हातारीने ऐकून घेतलं. सूप खांद्याएवढं वर नेलं, मनगटाला बारीक झटके देत हरभरा सोडला. दाणा पायाशी, कुटार हातभर पलीकडे. मग म्हणाली, "एवढं शिकाले गोव्याले कायले गेला बाप्पा? खयात आला असता तं."

त्यावर तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी भोपाळ काढलं. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने विंडसर्फिंगचं कांस्यपदक आणलं. तो पोरगा तयार झाला भोपाळच्या तलावावर. "भोपायले कोनता समुद्र हाय, सांग." नाही, हे खरंच. तेव्हापासून त्याचा डोळा मोताळ्याकडच्या नळगंगा धरणावर आहे. तिथे लाट कुठून आणणार, असं कुणीतरी विचारलं. ट्रक तर धरणात जात नाहीत. तो विचार करतोय.

यंदा कंपनीची टूर मनालीला आहे, बर्फात. शेजारच्या चहावाल्याने आपली बाकडी आत्तापासूनच आत ठेवायला सुरुवात केली आहे.