सोळा तालुके आणि एक वशिला

यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा आहेत आणि जावा या संगणकभाषेतील हॅशमॅप, म्हणजे किल्ली दिली असता तिच्याशी जोडलेले मूल्य तत्काळ काढून देणारी रचना, सुरुवातीस सोळाच कप्पे मांडते. तथापि प्रत्येक तालुक्यास स्वतंत्र कप्पा मिळेल अशी आशा कोणी बाळगू नये, कारण कप्पा किल्लीवर केलेल्या गणिताने ठरत असल्यामुळे वणी आणि मारेगाव एकाच कप्प्यात कोंबले जाऊन शेजारचा कप्पा ओस पडू शकतो. शिवाय तीन-चतुर्थांशाहून अधिक भरणा या रचनेस सोसत नाही, आणि तेराव्या तालुक्याची नोंद होताच कप्पे बत्तीस होतात. पुसद जिल्ह्याची मागणी वर्षानुवर्षे करणाऱ्यांना या तत्परतेचा हेवा वाटावा. मात्र यादी मागितली असता उमरखेड आधी येईल की बाभुळगाव, याची हमी हॅशमॅप देत नाही.

ही उणीव २००२ मध्ये, जावाच्या १.४ या आवृत्तीत, लिंक्डहॅशमॅपने भरून काढली. वडिलांचे, म्हणजे हॅशमॅपचे, कप्पे वारशाने घेऊन हा वर्ग प्रत्येक नोंदीस मागच्याचा आणि पुढच्याचा पत्ता सांभाळावयास लावतो, आणि पांढरकवड्यास कापसाची गाडी घेऊन काट्यापुढे रात्र काढलेल्या शेतकऱ्यास ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही: मागचा-पुढचा ओळखीचा असला की नंबर शाबूत. उभ्या गाडीच्या नोंदीतील आकडा बदलला, म्हणजेच त्याच किल्लीवर नवे मूल्य ठेवले, तरी जागा जात नाही. गाडी रांगेतून काढून पुन्हा आणली, तर मात्र थेट शेपटाला. गंमत अशी की क्रमाचा एवढा अभिमान बाळगणारे दोन मॅप समान आहेत काय, हे ठरवताना क्रमाकडे ढुंकूनही पाहिले जात नाही.

वशिल्याची सोय मात्र २०२३ पर्यंत नव्हती. ती जावा २१ ने 'पुटफर्स्ट' या नावाने राजरोस करून दिली, आणि आता कोणतीही नोंद उचलून रांगेच्या तोंडाशी बसवता येते. परंतु मॅपची मर्यादा ओलांडताच सर्वांत जुनी नोंद काढून टाकण्याचा नियम ज्याने लिहून ठेवला आहे, त्याच्याकडे जुनेपणा केवळ रांगेतील स्थानावरून ठरतो. त्यामुळे भरलेल्या मॅपमध्ये वशिल्याने पहिला आलेला नवा पाहुणाच सर्वांत जुना ठरून आल्या पावली बाहेर काढला जातो.