पक्की वही, कच्चा डाव

रात्री पावणेअकराला डॉक्टरचा मोबाइल वाजला आणि आमची लढाई जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीचं दार नुकतंच उघडलं होतं. पलीकडे सांगाडे आणि धनुष्यवाले दरोडेखोर, अलीकडे आम्ही चौघं, मध्ये चिवड्याची वाटी. डॉक्टर चपला शोधत म्हणाला, "कशालाही हात लावू नका, मी आलोच." तो आला तो सहा आठवड्यांनी.

खेळाचं नाव ग्लूमहेवन. आयझॅक चिल्ड्रेस या अमेरिकन गृहस्थाने रचलेला, २०१७ साली बाजारात आलेला. पेटी जवळपास दहा किलोची. ती जिन्यावरून आणताना मी मध्ये दोनदा टेकवली, तेव्हा शेजारच्या काकूंनी "फरशा बदलताय का?" असं विचारलं होतं. एक ते चार जण खेळू शकतात. एकमेकांवर कुरघोडी करायची नाही, सगळ्यांनी मिळून खेळालाच हरवायचं. कथा एका बैठकीत संपत नाही, कारण पेटीत ९५ साहसं आहेत. सगळी करावी लागत नाहीत, पण करायचीच म्हटलं आणि महिन्यातून एकदा जमलो, तर आठ वर्षं लागतील. आठ वर्षं दर महिन्याला नेमाने भेटणारी माणसं मी फक्त भिशीत पाहिली आहेत.

तेव्हा राक्षस मारणं हा यातला दुय्यम भाग. मुख्य प्रश्न एकच, गेल्या वेळी आपण कुठे होतो?

या बाबतीत हा खेळ म्हणजे जुन्या पेढीवरचा दिवाणजी. प्रत्येक पात्राचा स्वतंत्र कागद, त्यावर अनुभव, सोनं, सामान. टोळीचा वेगळा कागद, त्यावर तुमची अब्रू उणे वीस ते अधिक वीस या मापात मोजलेली. शहराच्या भरभराटीची नोंद निराळी. ओक वृक्षाच्या मंदिरात दहा सोन्याची देणगी दिलीत तर तिचीही एक चौकट भरायची. नवं ठिकाण सापडलं की नकाशावर त्याचा स्टिकर डकवायचा, आणि तो बसला की बसला. सातबाऱ्यावरचा फेरफारसुद्धा एवढा ठाम नसतो. निघू शकणारे स्टिकर वेगळे विकत मिळतात, हे आमच्या सीएने शोधून काढलं. त्याला आम्ही सांगितलं, एवढी धास्ती असेल तर आयुष्यभर पेन्सिलीनेच सही कर.

हे डकवण्या-फाडण्याचं वेड तसं जुनं नाही. २०११ साली रॉब डॅव्हियोच्या 'रिस्क लेगसी'ने खेळणाऱ्यांना चक्क पत्ते फाडायला लावले. पुढे २०१५ साली त्याने मॅट लीकॉकसोबत महामारीच्या खेळाची अशीच आवृत्ती काढली, त्यात जानेवारी ते डिसेंबर असं सबंध वर्ष पुढे सरकतं आणि गेलेला महिना परत येत नाही. त्याआधी खेळ संपला की सोंगट्या डब्यात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता पेटीला स्मरणशक्ती आली. अडचण एवढीच की खेळणाऱ्यांना ती आली नाही.

ग्लूमहेवनमध्ये प्रत्येक पात्राला एक गुप्त मनसुबा असतो. तो पुरा झाला की ते पात्र निवृत्त होतं, एक बंद खोकं उघडतं, नवं पात्र बाहेर येतं आणि शहराच्या भरभराटीत एका खुणेची भर पडते. एक माणूस निवृत्त झाला की शहर सुधारतं! आमच्या पुण्यात एक माणूस निवृत्त झाला की वर्तमानपत्राकडे जाणारी पत्रं वाढतात.

असो. एवढी चोख पक्की वही, पण ती लिहायची साहस संपल्यावर. अर्ध्यातून उठलात तर त्या रात्रीचं एक अक्षर तिच्यात नाही. बसलेली माणसं संपवूनच उठतील हे खेळाने गृहीत धरलं आहे, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पेटीवर एक ते दोन तास असं स्वच्छ छापलंय. चहा, दुसरा चहा, पार्किंगवरून झालेली चर्चा आणि "हा नियम असा नाहीच" यांचे दोन तास आमचे आम्ही त्यात घालतो.

मग मधल्याचं काय करायचं? डॉक्टरच्या मोटारीचा आवाज गेटबाहेर गेला आणि आम्ही तिघं पंचनाम्याला बसलो.

अर्धवट साहसाचा पंचनामा ही काय चीज आहे ते सांगतो. प्रत्येकाच्या हातात कोणते पत्ते, टाकलेले कोणते, कायमचे गमावलेले कोणते. कारण या खेळात पत्ते म्हणजेच दम. विश्रांती घेतली की टाकलेले परत मिळतात, पण दर विश्रांतीला एक कायमचा जातो. पत्ते संपले की माणूस आडवा. मग प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य. प्रत्येक सांगाड्याचं उरलेलं आयुष्य (हे वाक्य लिहिताना सीएचा हात थबकला होता). कुणाला विष भिनलंय, कुणाची जखम वाहतेय, कोण गोंधळलंय. राक्षसांच्या पत्त्यांच्या गड्ड्यातून किती गेले. जमिनीवर नाणी कुठे पडलीत. आणि महाभूतं. ती इथे पाच नाहीत, सहा आहेत: अग्नी, हिम, वायू, पृथ्वी, प्रकाश, अंधार. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने, म्हणजे त्याच्या स्पेलवीव्हरने, शेवटच्या चालीत अग्नी चेतवला होता. पुढची फेरी संपेपर्यंत कुणी वापरला नाही तर तो विझतो. तोच अग्नी आम्ही सहा आठवडे मोबाइलच्या फोटोत तेवत ठेवला. एवढं अग्निहोत्र आमच्या सात पिढ्यांत कुणी चालवलं नसेल.

फोटो सॉफ्टवेअरवाल्याने काढला. "लिहिता कशाला? एक फोटो पुरे." मोबाइलवर हिशेब राखणारी ॲप आहेत, असंही त्याने सुचवलं. सीए म्हणाला, "मग सगळा खेळच मोबाइलवर खेळू, डॉक्टरलाही ओटीतून खेळता येईल." विषय तिथेच मिटला.

बुद्धिबळवाल्यांनी हे दुखणं केव्हाच बरं केलं होतं, याचं मला वाईट वाटतं. डाव तहकूब करायचा तर ज्याची पाळी तो आपली पुढची चाल कागदावर लिहायचा, न दाखवता. कागद पाकिटात आणि पाकीट मोहोरबंद. वर खेळाडूंची नावं, पटावरची स्थिती, दोघांनी वापरलेला वेळ, चालीचा क्रमांक. पाकीट पंचांच्या ताब्यात. रात्रभर दोन्ही बाजूंचे सहायक डोकं खाजवत बसत. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्कीच्या सामन्यातला एकविसावा डाव असाच तहकूब झाला, आणि दुसऱ्या दिवशी स्पास्कीने पटाशी न येता फोनवरूनच हार कळवली. जगज्जेतेपद फोनवर गेलं. आमच्याकडेही फोनच आला होता, पण त्यानंतर काय करायचं याचा नियम नव्हता. पुढे संगणक आले, तहकूब डाव घरी बसून कुणीही तपासू लागला, आणि ती पद्धतच गेली.

आमच्यापुढे एक रोकडा मार्ग होता. सीएने तो रात्री साडेअकराला मांडला: "हरलो म्हणून जाहीर करू. पुन्हा पहिल्यापासून खेळू." ऐकायला त्याग वाटतो. पण ग्लूमहेवनमध्ये साहस हरलं तरी त्यात मिळवलेलं सोनं आणि अनुभव तुमच्याकडेच राहतो. सीएचं पात्र स्काउंड्रल, आणि तोवर सगळ्यात जास्त नाणी त्याच्याच खिशात. दिवाळं काढायचं, नफा मात्र ठेवायचा, ही सूचना इतकी व्यावसायिक होती की आम्ही दोघं क्षणभर गप्प झालो. मग आठवलं, प्रत्येकाचं जे छोटं गुप्त उद्दिष्ट असतं त्याची खूण जिंकल्याशिवाय मिळत नाही, आणि माझं पुरं होत आलं होतं. मी तत्त्व म्हणून विरोध केला.

ठरलं असं, की पट टेबलावरच राहील. सकाळी मी तो ड्रॉइंग बोर्डावर सरकवून कपाटावर ठेवीन.

सकाळी मी उठलो सव्वानऊला. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"आई, इथे खेळ मांडला होता."

"आवरलाय ना. ते सांगाडे कसेही पडले होते, नंबराप्रमाणे लावलेत बघ."

लावले होते. पेटीच्या झाकणावर एक, दोन, तीन, चार, सैन्याच्या संचलनासारखे. दरोडेखोर त्यांच्या मागे, उंचीप्रमाणे. आणि चौघांचे पत्ते, हातातले, टाकलेले, गमावलेले, सगळे एकाच गठ्ठ्यात, चारी कडा जुळवून, वर रबरबँड. पंचनाम्याचा कागद? तो सालपटांखाली होता. "पाठकोरा होता म्हणून घेतला," आई म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला आजही सिद्ध करता आलेलं नाही.

उरला फोटो. त्यात सगळं आहे. षट्कोनी घरं स्पष्ट, अग्नी तेवतोय, माझ्या ब्रूटच्या खांद्यावरची ढालसुद्धा दिसते. फक्त दाराच्या आतली चार घरं दिसत नाहीत, कारण तिथे चिवड्याची वाटी आहे. तीन नंबरचा सांगाडा त्या चार घरांपैकी एकात आहे. डॉक्टरच्या टिंकररच्या शेजारी असेल तर डॉक्टर पुढच्या फेरीत आडवा. एक घर मागे असेल तर वाचला. इस्पितळातल्या दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात डॉक्टरने ग्रुपवर लिहिलं, सांगाडा मागेच होता, मला पक्कं आठवतंय. सॉफ्टवेअरवाल्याने फोटो मोठा केला, उजळ केला, वाटीच्या स्टीलमध्ये प्रतिबिंब शोधलं. प्रतिबिंबात सीएचं नाक सापडलं.

सहा आठवडे हे चाललं. दर शुक्रवारी "रविवार नक्की?", दर शनिवारी कुणाची तरी मुंज. याच काळात मला कळलं की याच रचनाकाराच्या पुढच्या खेळासाठी, 'फ्रॉस्टहेवन'साठी, २०२० साली ८३ हजारांवर लोकांनी मिळून आगाऊ सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर मोजले होते. एवढ्या लोकांनी विकत काय घेतलं, तर पुठ्ठा थोडा आणि पुढचे रविवार भरपूर. जे त्यांच्याकडे आहेत की नाहीत, हे बहुधा त्यांच्या घरच्यांना जास्त ठाऊक.

अखेर परवाच्या रविवारी चौघं जमलो. वाटी स्वयंपाकघरातच ठेवली. तीन नंबरचा सांगाडा फाशाने बसवला, तो डॉक्टरच्या शेजारी आला, आणि डॉक्टरने ते चक्क मान्य केलं. आता सुरू करणार तोच सीए म्हणाला, "थांबा." त्याने नाणी मोजली. पुन्हा मोजली. पंचनाम्याचा कागद गेला तरी बेरीज त्याच्या डोक्यात होती. आमच्याकडची आणि जमिनीवरची मिळून नऊ. समोर आठ. "ताळेबंद जुळत नाही. असं पुढे जाता येणार नाही."

पेटी उपसली. सोफ्याच्या गाद्या काढल्या. सॉफ्टवेअरवाला मोबाइलची बॅटरी लावून टेबलाखाली गेला. शेवटी आईच आतून बटणांचा डबा घेऊन आली. शर्टाची बटणं, ब्लाउजचे हूक, एक जुनं चार आण्याचं नाणं, आणि त्यांत आमचं.

"केर काढताना सापडलं. फ्रिजखाली होतं."

सीएने ते हातात घेतलं नाही. नियमपुस्तिका उघडली, बोट ठेवून वाचली. नाणं ज्या घरात पडलंय तिथून जो उचलेल त्याचं. एकदा उचललं की दुसऱ्याला देता येत नाही, सोबत्यालाही नाही.

"म्हणजे हे काकूंचं," तो म्हणाला.

"मग मलाही वाटा पत्ते," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. खेळ चौघांचाच आहे हे तिला कुणी सांगायचं, यावर डॉक्टर, सीए आणि सॉफ्टवेअरवाला तिघंही माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात डॉक्टरचा मोबाइल वाजला.