बिबट्याची शेपटी केवढी होती?

"काकू, ऐकलंत का? रात्री मागच्या नाल्यात बिबट्या आला होता!"

वहिनींनी कपडे वाळत घालता घालता कंपाउंडवरून डोकं वर काढलं. अलीकडे काकू शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वहिनी रो-हाऊसमधल्या, नवरा तळवड्याला कंपनीत. काकू चिखली गावठाणातल्या जुन्या घरातल्या, माहेर मंचरकडचं. त्यामुळे बिबट्या या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"बघितला कुणी?"

"ग्रुपवर फोटो आलाय ना."

"अगं, फोटो हल्ली मोबाइलच बनवून देतो. बघणारा कोण ते सांग."

"वॉचमन म्हणे."

"मग त्याला विचार, शेपटी केवढी होती. बिबट्याची शेपटी लांबच लांब, टोकाला वर वळलेली. आखूड असेल तर रानमांजर. पाठ मागं उतरती असेल तर तरस. आणि चिखलात पाऊल उमटलं असेल तर बघ, नखं दिसली की समज कुत्रा. बिबट्या चालताना नखं आत घेतो."

"तुम्हाला थट्टा वाटते. चाकणला मर्सिडीजच्या कारखान्यात शिरला होता की नाही?"

"शिरला होता. मार्च २०२४ मध्ये. सगळं काम थांबवून माणसं बाहेर काढली, वनखात्यानं भुलीचं इंजेक्शन दिलं आणि नेला माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात. माणसं लांब राहिली म्हणून तो वाचला आणि माणसंही वाचली. नाहीतर कोथरूडचा गवा आठव."

वहिनींना आठवला. डिसेंबर २०२० मध्ये महात्मा सोसायटीत सकाळी सकाळी गवा दिसला आणि अख्खं कोथरूड मोबाइल घेऊन मागे धावलं. बिचारा गेटं, भिंती यांना धडका देत पळत सुटला. पकडला, पण जगला नाही. दोनच आठवड्यांनी बावधनला दुसरा आला, तेव्हा लोकांनी धडा घेतला होता. गर्दी लांब ठेवली, वाट मोकळी केली, तो आला तसा डोंगरात गेला.

"ते खरं हो. पण आम्ही अर्ज करतोय पिंजरा लावा म्हणून. सह्या गोळा करायच्यात. तुमची पण हवी."

काकूंनी शेंग खाली ठेवली.

"पिंजऱ्यात धरून न्यायचा कुठं?"

"लांब. जंगलात."

"जुन्नरला तेच केलं होतं, २००१ ते २००३ या काळात. उसात दिसला की धर आणि लांब सोड. झालं काय? जिथं सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं बावरलेलं जनावर, ते काय करणार? आणि सोडलेलं तिथंच राहतं असंही नाही. तो 'आजोबा' नव्हता का, सिनेमा निघाला त्याच्यावर, ऊर्मिला मातोंडकरचा?"

"तो खरा होता?"

"मग! २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय बाईंनी त्याच्या गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडला. हा पठ्ठ्या चालत चालत सव्वाशेएक किलोमीटर तोडून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाशी पोचला. वाटेत हायवे, रेल्वे, खाडी. कुणाच्या केसाला धक्का लावला नाही. कुणाला पत्ताच नव्हता."

"म्हणजे घाबरायचंच नाही?"

काकूंचा आवाज जरा उतरला. "असं कसं म्हणू? शिरूरच्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन लेकरं आणि एक म्हातारी. तिथल्या माणसाला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. जीव घेणाऱ्या जनावराला पिंजरा लागतो, वेळ आली तर गोळीही लागते. पण आपल्याकडं दिसला नाही तोच पिंजरा मागायचा, हे काही खरं नाही. दिसलाच तर १९२६ ला फोन करायचा, वनखात्याचा नंबर आहे. पोरांना घरात घ्यायचं, लाइट लावायचा, आणि त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही."

"पण येतोच कशाला शहरात? मी म्हणते, कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली ना फेब्रुवारी २०२५ मध्ये, तेव्हापासून सगळी जनावरं इकडं सरकलीत. आमच्याकडं घुशी केवढ्या झाल्यात!"

"घुशींचं असेलही. पण बिबट्या खातो काय? अत्रेय बाईंनीच अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली. सगळ्यात जास्त काय निघालं सांग."

"शेळ्या?"

"कुत्री! आता नाल्याकडं कुत्री किती आहेत?"

"वीसएक तरी. रात्रभर झोपू देत नाहीत."

"ती कशावर जगतात? चिकनच्या दुकानातली घाण, लग्नाच्या हॉलमधलं शिळं, आपल्या पिशव्या. कचरा तिथं कुत्री, उंदीर, डुकरं. उंदीर तिथं साप. मला त्या बिबट्यापेक्षा तुझ्या भिंतीशी रचलेल्या फरशांची जास्त भीती वाटते."

वहिनी दचकून मागे सरकल्या.

"गेल्या पावसाळ्यात याच ढिगातून घोणस निघाली. जाडजूड, पाठीवर गोल ठिपक्यांची साखळी. पळाली नाही, वेटोळं करून बसली आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसायला लागली. सर्पमित्र येईपर्यंत आम्ही सगळे ओट्यावर. त्यानं बरणीत घातली आणि बजावून गेला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. चावलीच तर मांत्रिक नको, ब्लेडनं कापणं नको, करकचून बांधणं नको. हात-पाय हलवू न देता सरळ वायसीएम हॉस्पिटलला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच इंजेक्शन चालतं, साप धरून दाखवायला न्यायची गरज नाही."

"आजच हलवायला लावते फरशा," वहिनी म्हणाल्या. मग ब्लाउजच्या घडीतून कागद काढला. "सहीचं काय मग?"

काकूंनी हात पदराला पुसले, पेन मागितलं. "करते की. फक्त 'पिंजरा' खोड आणि तिथं लिही, नाल्याकडं रोज कचऱ्याची गाडी आणि दोन दिवे. बिबट्या आला काय, न आला काय, दोन्ही उपयोगाचे."

वहिनींनी भिंतीवर कागद ठेवून खोडलं, लिहिलं. काकूंनी ठसठशीत सही केली.

"आता सांग, ग्रुपवर तो फोटो टाकला कुणी?"

"बी विंगमधल्या दादांनी."

"रात्री अकराला स्कूटरवरून नाल्यात पिशवी भिरकावतात तेच ना?"

वहिनींनी इकडंतिकडं बघितलं, आणि भिंतीवर अजून थोडं पुढं वाकल्या. "तुम्ही पण बघितलंत?"

"माझ्या डोळ्यांनी," काकू म्हणाल्या. "जा, पहिली सही त्यांची घे."